बद्द आवाज

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिचा गाभा लाकडाचा, वर फायबरग्लासची कातडी. अशी शिडाची बोट जुनी झाली की स्क्रूच्या भोकांतून पाणी गाभ्यात शिरू शकतं. काच कुजत नाही, लाकूड कुजतं. वरचा रंग मात्र चकचकीतच राहतो. जाणकार मडकं पारखावं तशी हातोडीने ती ठोकत जातो. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली की कातडी कापायची, ओलं लाकूड काढायचं, पूर्ण सुकवायचं, नवा गाभा बसवून इपॉक्सीत भिजलेलं काचकापड थरावर थर चढवायचं.

विकणाऱ्याने नुसता रंग दिला, खोटं एक अक्षर बोलला नाही, तर ती फसवणूक का? माझ्या मते होय. त्याच्या वतीने रंग बोलतो. आणि ज्याने हातोडी मुद्दामच उचलली नाही? त्याचं अज्ञान त्याने स्वतः निवडलेलं आहे, म्हणून तोही सुटत नाही.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, रायपूरच्या समता कॉलनीत अनुवाद करताना हा प्रश्न मला परका वाटत नाही. मूळ भाषा न येणारा वाचकही असाच विश्वासाने बोटीत बसतो. त्याला ठोकून पाहता येत नाही; ते आपण करायचं असतं.