आणलेल्या जीवाचे ऋण
(शंका-समाधान)



अहिंसा हा आपल्या आचारधर्माचा पाया आहे, हे या पृष्ठांवर नव्याने सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु तत्त्व जितके निर्मळ, तितकाच व्यवहार पुष्कळदा गुंतागुंतीचा असतो. दया करावयास जावे आणि हातून हिंसा घडावी, अशा प्रसंगी साधकाची बुद्धी कुंठित होते. असाच एक प्रसंग अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वासनिक कुटुंबाने पत्राने कळविला आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक, एका सरड्याच्या आजारी पिलाचा आहे. परंतु त्यात धर्माधर्माचा प्रश्न पुरता उभा राहतो, म्हणून त्याचा विचार करू.

प्रसंग असा. घरातील दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर वडिलांनी दुकानातून ‘बिअर्डेड ड्रॅगन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरड्याचे पिलू विकत आणले. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागातील असून आपल्याकडे कुंपणावर दिसणारा सरडा त्याच्याच कुळातील होय. गळ्याखालची काटेरी त्वचा तो फुगवितो व काळी करतो, तेव्हा ती दाढीसारखी दिसते. त्यावरून त्याचे नाव पडले. प्रौढपणी तो हात-दीड हात लांब होतो; अंड्यातून निघालेले पिलू मात्र बोटाएवढे व दोन-तीन ग्रॅम वजनाचे असते.

घर अहिंसाव्रती. म्हणून त्या पिलास किडे न घालता पालकाची कोवळी पाने देण्यात आली. ऊन मिळावे म्हणून त्याची काचेची पेटी बंद खिडकीशी ठेवली. काही आठवड्यांत ते मलूल झाले, डोळे खोल गेले, पाय थरथरू लागले, आणि जबडा बोटाला मऊ लागू लागला. पशुवैद्याने पाहताच निदान केले की, कॅल्शियमअभावी त्याची हाडे झिजत आहेत. आणि जगवावयाचे असेल तर उपचारांबरोबर त्यास जिवंत किडे खाऊ घालणे अवश्य आहे. तसे केले. आठव्या दिवशी पिलाने पहिला रातकिडा आपण होऊन टिपला. मुलाने टाळ्या वाजविल्या. आजीबाई मात्र उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. आता पत्रात विचारले आहे की, दोघांत चूक कोणाचे?

या शंकेवर तीन पूर्वपक्ष संभवतात. ते क्रमाने पाहू.

पहिला पक्ष म्हणतो, प्रत्येक जीव आपल्या कर्माचे फळ भोगतो. त्या पिलाचे आयुष्य सरले असेल तर आपण मध्ये पडून शेकडो किड्यांचा घात का करावा? हा पक्ष ऐकावयास शास्त्रीय वाटतो, परंतु तो फार उशिरा मांडला जात आहे. आपण मध्ये पडलो ते किडे घालताना नव्हे. पैसे मोजून त्यास पेटीत घातले तेव्हाच पडलो. रानातील सरडा आजारी पडला तर तो उन्हात सरकतो, बिळात शिरतो, आपले भक्ष्य आपण शोधतो. पेटीतील पिलास यांतले काही शक्य नाही. त्याचे ऊन, पाणी आणि अन्न ही सर्व आपल्या मुठीत आहेत. ज्याच्या सर्व वाटा आपण बंद केल्या, त्याच्या मरणास केवळ त्याचे कर्म म्हणणे म्हणजे स्वतःचे कर्म त्याच्या माथी मारणे होय.

दुसरा पक्ष म्हणतो, पानांवरच ठेवावे, म्हणजे दोन्ही साधेल. येथे वस्तुस्थिती समजून घेतली पाहिजे. हा सरडा प्रौढपणी पुष्कळ पाला खातो हे खरे. परंतु वाढीच्या वयात त्याचा मुख्य आहार कीटकांचाच असतो. पालकात तर असे एक अम्ल असते की ते कॅल्शियमला बांधून ठेवते व शरीरास लागू देत नाही. शिवाय अन्नातून मिळालेले कॅल्शियम हाडांत बसण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि ते या प्राण्याच्या त्वचेत सूर्यप्रकाशातील विशिष्ट अतिनील किरणांनी तयार होते. खिडकीची काच प्रकाश आत सोडते, पण हे किरण जवळजवळ सर्व अडविते. तात्पर्य, घराने पाला दिला तो अहिंसेच्या भावनेने, खिडकीशी ठेवले ते ममतेने. आणि त्या दोहोंनी मिळून पिलाची हाडे मऊ केली. ज्ञानावाचून दया हिंसेचेच काम करते, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

तिसरा पक्ष म्हणतो, त्यास मोकळे सोडावे किंवा दुसऱ्यास द्यावे. परक्या हवेत, थंडीच्या देशात, आजारी पिलू सोडणे म्हणजे दाराबाहेर मारणे होय. दुसऱ्यास दिले तरी किडे मरावयाचे ते मरतीलच. फक्त आपल्या दृष्टीआड. काही जण मेलेले, वाळविलेले किडे विकत घेण्याचा मार्ग सुचवितात. परंतु स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्यास संमती देणे, यांत हात बदलतो, दोष नाहीसा होत नाही.

आता समाधान. लीळाचरित्रातील सशाची लीळा आपणा सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या भयाने पळालेला ससा सर्वज्ञांच्या आश्रयास आला आणि त्यास अभय मिळाले. या लीळेचे निरूपण करताना आपण शरणागताच्या रक्षणाचा धर्म सांगतो. परंतु प्रस्तुत पिलू शरण आलेले नाही; ते आणलेले आहे. आपण होऊन आलेल्याचे रक्षण करणे हा जर धर्म, तर ज्यास आपण त्याच्या इच्छेवाचून परस्वाधीन केले, त्याच्या रक्षणाचे बंधन अधिकच मोठे नाही काय? शरणागताविषयी आपण दया करतो. आणलेल्याचे आपण ऋणी असतो. ऋण फेडणाऱ्याने आपणास दाता म्हणवू नये.

हे ऋण फेडावयाचे तर आपल्या भावनेपेक्षा त्या जीवाच्या प्रकृतीकडे पाहावे लागते. या प्राण्याच्या रक्तास स्वतःची ऊब नसते. ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून पेटीच्या एका टोकास सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णतेची जागा आणि दुसऱ्या टोकास त्याहून पुष्कळ शीतल जागा हवी. कोठे बसावे हे त्याचे ते ठरविते. अतिनील किरणांचा दिवा डोळ्यांस लखलखीत दिसत असला तरी काही महिन्यांत त्याचे किरण क्षीण होतात, म्हणून तो सहा ते बारा महिन्यांत बदलावा लागतो. आजारी पिलाविषयी क्रम असा की, आधी ऊब, मग पाणी, मग अन्न. अंग थंड असता तोंडात घास कोंबला तर तो पचत नाही, पोटातच कुजतो. किडा दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा, आणि त्यावर कॅल्शियमची भुकटी लावावी. अंगणातून वाटेल तो किडा धरून देऊ नये. अमेरिकेतील काही जातींचा एक काजवाही या सरड्याचा प्राण घेतो. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावरून आतड्याच्या रोगाचे जंतू लहान मुलांस बाधतात. आणि पायांचे थरथरणे हे घरगुती उपायांनी पाहत बसण्याचे लक्षण नव्हे. त्यास वैद्यच हवा.

राहता राहिले ते रातकिडे. सरडा मोठा, किडा लहान, म्हणून त्याचा जीव हलका, असे आपणास म्हणता येत नाही. देह भिन्न आहेत. जीव तोही आहे आणि हाही. म्हणून एकास जगविण्यासाठी दुसरा दिला, तर त्यास पुण्य म्हणू नये. तो दोषच होय. मात्र तो दोष त्या दिवशी घडला नाही. पिलू विकत घेतले त्या दिवशीच तो पुढील सर्व दिवसांसाठी पत्करला गेला. अहिंसेची खरी वेळ दुकानाच्या दारात होती. ती टळल्यावर उरते ते हे की, जितके अवश्य तितकेच किडे आणावेत. असतील तोवर त्यांसही अन्नपाणी द्यावे. उपाशी, कोंडून मरू देऊ नये. आणि खेळ म्हणून ते दृश्य पाहू नये. रात्री पेटीत उरलेले किडे काढून घ्यावेत. ते निजलेल्या पिलास चावतात, असा उलटाही घात होतो.

हा प्रश्न मुख्यतः गृहस्थाचा आहे. भिक्षुकाच्या आचारात अशा परिग्रहास स्थानच नाही, म्हणून त्यास ही अडचण पडत नाही. तरी त्याने गृहस्थास हसू नये. त्याला विचारण्यास आलेल्यास वेळीच सावध करणे हे त्याचे काम आहे. ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व्यापारी निर्यातीस अनेक दशकांपासून बंदी केली आहे. इतर देशांत विकले जाणारे हे सरडे पूर्वी चोरून नेलेल्यांची बंदिवासात वाढलेली संतती असल्याचे मानले जाते. म्हणजे मुलाच्या हौसेमागे पेटीची ही परंपरा किती मागे जाते, ते पाहावे.

आता पत्रातील प्रश्नाचे उत्तर. मुलाचा आनंद चुकीचा नाही; एक मरणारा जीव जगला, याचा तो आनंद आहे. आजीबाईंचे उठून जाणेही चुकीचे नाही. दुसरा एक जीव गेला, याची ती जाणीव आहे. चूक तेव्हा होईल, जेव्हा मुलगा आजीस भाबडी म्हणेल, किंवा आजी मुलास पापी म्हणेल. दोघांनी एकमेकांचे दुःख-सुख समजून घ्यावे. आजीने त्या पिलाची पेटी उबदार आहे की नाही हे पाहावे. मुलाने किडा देताना क्षणभर थांबावे. पिलू आपले आयुष्य पुरे करील तोवर त्याची सेवा निष्ठेने करावी, आणि पुन्हा दुसरे आणू नये. एवढे साधले तर त्या बोटाएवढ्या जीवाने या घरास अहिंसेचा पाठ दिला, असे म्हणता येईल.

दंडवत प्रणाम.