तह आणि कौल

सुदानमधल्या यादवीवर मध्यंतरी महाडात एक चर्चा झाली. तीसेक माणसे आली होती, त्याचेच मला अप्रूप वाटले. पण तासाभरात चर्चा जिथे येऊन थांबली तिथे ती हल्ली सगळीकडेच थांबते. बाहेरच्यांनी लुडबूड करू नये, दोघांचा एकदाचा सोक्षमोक्ष लागू द्यावा, मानवतावादी युद्धबंदी म्हणजे हरणाऱ्याला दम खायला दिलेली सवड. बऱ्याच माना डोलल्या. मी त्या वेळी बोललो नाही, ते अजून टोचते आहे.

ठराव झाला की काम झाले असे मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. सुरक्षा परिषदेने जून 2024 मध्ये 2736 क्रमांकाचा ठराव करून सुदानमधल्या अल्-फाशर शहराचा वेढा थांबवायला सांगितले आणि वेढा पुढे सोळा महिने चालला. 'आपल्याला काय त्याचे' म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे वेळ नाही. सोक्षमोक्षाचे म्हणणे मात्र तेवढे पोकळ नाही. एडवर्ड लुटवाक यांनी 1999 साली 'फॉरेन अफेअर्स'मध्ये ते विस्ताराने मांडले होते: युद्ध थकव्याने किंवा विजयानेच संपते, बाहेरून लादलेला विराम ते फक्त लांबवतो. आपल्याकडचे वक्ते त्यांचे नाव घेत नाहीत, पण बोलतात तेच.

मग सोक्षमोक्ष दिसतो कसा, ते अल्-फाशरमध्ये पाहा. सुदानच्या सैन्याशी लढणाऱ्या हेमेदतींच्या रॅपिड सपोर्ट फोर्सेसनी मे 2024 पासून शहराला वेढा घातला आणि पुढे भोवती पन्नास किलोमीटरहून लांब मातीचा बांध उभारला. शेताचा बांध आपल्याला ठाऊक आहे, हा माणसे बाहेर पडू नयेत म्हणून घातलेला. आत धान्य संपल्यावर लोक पेंड खाऊ लागले. शेंगदाण्याचे तेल काढल्यावर उरते ती, आपण म्हशीपुढे टाकतो ती पेंड. शेवटी तीही मिळेना. 26 ऑक्टोबर 2025 ला सैन्याचा तळ पडला, म्हणजे निकाल लागला. त्यानंतर तिथल्या सौदी प्रसूती रुग्णालयात 460 हून अधिक रुग्ण आणि नातेवाईक मारले गेल्याच्या वृत्ताने जागतिक आरोग्य संघटनाही हादरली. मला विचारायचे आहे ते एवढेच, की पेंड खाणाऱ्या बाईला दोन वेळचे अन्न पोचले असते तर कोणत्या सेनापतीला दम खायला सवड मिळाली असती? वेढ्यात थकते ती रयत. वेढा घालणारा थकत नाही. 'थकेपर्यंत लढू द्या' म्हणणाऱ्यांनी कोण थकेपर्यंत, तेही सांगावे.

आणि निकाल लागला तरी तो टिकतो का? याचे उत्तर महाडकरांना सावित्रीच्या काठी मिळायला हवे होते. 25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. मराठी राज्यातल्या यादवीत याहून स्वच्छ निकाल शोधून सापडणार नाही. हरलेला दुसरा बाजीराव सिंहगड, रायगड करत महाडला उतरला. (सहाच वर्षांपूर्वी नाना फडणवीसांनी याच गावात बसून त्याला गादीवर आणण्याचे कारस्थान रचले होते.) इथून त्याने मुंबईकर इंग्रजांकडे जहाजे मागितली, सुवर्णदुर्गमार्गे वसई गाठली आणि 31 डिसेंबरला तह केला. मे 1803 मध्ये तो इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यात पुण्याला परत आला. हडपसरचा सोक्षमोक्ष सात महिनेही टिकला नाही. हरलेल्याला समुद्राकडची वाट मोकळी आहे आणि पलीकडे जहाज देणारा कोणी आहे, तोवर रणांगणावरचा निकाल हा निकाल नसतोच. सुदानातही खार्टूम हातचे गेल्यावर सैन्यप्रमुख जनरल बुरहान यांचे सरकार पोर्ट सुदानला गेले आणि मार्च 2025 मध्ये सैन्याने खार्टूम परत घेतले. दोन्ही बाजूंना बाहेरून रसद मिळते आहे. अशा युद्धात 'बाहेरच्यांनी पडू नये' हे वाक्यच निरर्थक आहे. बाहेरचे केव्हाच आत आले आहेत.

श्रीलंकेचे उदाहरण माझ्या विरोधात जाते, हे मान्य करतो. मे 2009 मध्ये तिथे एका बाजूचा पूर्ण पाडाव झाला आणि नंतर युद्ध झाले नाही. पण त्या अखेरच्या महिन्यांत 40,000 पर्यंत नागरिक मेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने 2011 मध्ये म्हटले, आणि किलिनोच्चीच्या आया बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन त्यानंतर कितीतरी वर्षे रस्त्यावर बसून राहिल्या. या किमतीला तो निकाल कोणाला हवा असेल तर त्याने तसे उघड म्हणावे.

थांबला तो हरला, हे तर महाडच्या माणसाने बोलूच नये. डिसेंबर 1927 मध्ये न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम होता म्हणून बाबासाहेबांनी चवदार तळ्यावरचा दुसरा सत्याग्रह तहकूब केला. हजारो माणसे पाण्यापाशी जाऊन, तळ्याला फेरी घालून परतली. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

यावर कोणी म्हणेल, बाहेरच्यांचा दबाव म्हणजेच वसई. जो जहाज देतो तो पुढे मुलूख मागतो. खरे आहे, आणि म्हणूनच मी युद्धबंदीच्या तहाची बाजू घेत नाही. आपल्या जुन्या कागदांत दोन वेगळे शब्द आहेत आणि आज आपण ते एकात कालवले आहेत. तह दोन सत्तांमध्ये होतो. वसईच्या तहात तैनाती फौज होती, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख होता. पुढच्याच साली नगरकडे पाऊस नाही आणि फौजांनी मुलूख मारलेला, अशा दुष्काळात जे भुकेने मेले त्यांचा त्या कागदाशी काही संबंध नव्हता. कौल निराळा. तो सत्ता रयतेला देते: गावात या, वस्ती करा, पेरा, तुम्हाला उपद्रव होणार नाही. कौलावर शत्रूची सही लागत नाही. तलवार ज्याच्या हातात, त्याचा एकट्याचा शब्द पुरतो.

मानवतावादी युद्धबंदी म्हणून जे मागितले जाते तो खरे तर कौल आहे, आणि आपण त्याची वाटाघाट तहासारखी करतो. मे 2023 मध्ये जेद्दाला दोन्ही पक्षांना एकत्र बसवले, सह्या झाल्या, आणि लगेच प्रत्येक जण दुसऱ्याने मोडल्याचा दाखला देऊन आपला शब्द मोडायला मोकळा झाला. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती यांनी तीन महिन्यांच्या विरामाची हाक दिली. त्यातल्या अमिरातीवरच शस्त्रे पुरवल्याचा आरोप आहे, तो ती नाकारते. पुन्हा एकाने होकार दिला, दुसऱ्याने अटी घातल्या. उलट ऑगस्ट 2024 मध्ये बुरहान यांच्या सरकारने चाडच्या सीमेवरचा अद्रेचा नाका मदतीच्या ट्रकांसाठी उघडला. हेमेदतींशी कसलाही करार नव्हता. सहा महिन्यांपूर्वी तो बंद करणारेही हेच सरकार होते. जगाचा दबाव एकट्या त्याच्यावर आला आणि तेवढ्याने नाका उघडला. त्या वाटेने धान्य आले, पुरेसे नाही, पण आले.

अल्-फाशरमधून निसटलेली माणसे साठेक किलोमीटर चालत ताविलाला पोचली. त्यांना माघारी जायचे आहे, मागे राहिलेल्यांना शोधायचे आहे, पावसाआधी शेतात बाजरी टाकायची आहे. त्यासाठी बुरहान यांची सही लागत नाही. अल्-फाशर आज ज्याच्या ताब्यात आहे त्याचा कौल लागतो, आणि तो त्याच्याकडून कसा घ्यायचा हे त्याला रसद पुरवणाऱ्यांना विचारले पाहिजे.