शंभरातल्या सात जणी

गिरणाऱ्याच्या पुढे, गंगापूर धरणाच्या अंगाला एक द्राक्षाची वस्ती आहे. जानेवारीत आगाप छाटणीच्या बागेत खुडा सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी एक बातमी ओळीओळीतून फिरली. पेठकडून आलेल्या मजूर बायकांपैकी एकीला दिवस गेले होते. यात बातमी कसली? बातमी ही, की ती गोळ्या घेत होती.

"एकबी चुकवली नाही," ती बाई कात्री चालवता चालवता सांगत होती. "रिकामी पाकिटं ठेवलीत मी. कुणालाबी दाखवीन."

मग गोळीची शोभा झाली. एक म्हणाली, सरकारी गोळी म्हणजे निव्वळ खडू. दुसरी म्हणाली, खडू कसला, त्या गोळ्यांनी पुढे कायमचं मूल राहत नाही. एकीच्या मते गोळी लागूच पडत नव्हती, दुसरीच्या मते जन्मभरासाठी लागू पडत होती, आणि एकाच क्रेटपाशी बसून दोघींना एकमेकींचं अगदी पटत होतं. गोळी बंद केल्यावर बहुतेकींची पाळी आणि मूल होण्याची शक्यता लवकरच पूर्ववत होते, हे सांगायला तिथे कुणी नव्हतं.

ऐकणाऱ्यांमध्ये मालकिणीची सून होती. वय 22, लग्नाला वर्ष झालेलं, नाशिकच्या एका कॉलेजात बी. कॉम.चं शेवटचं वर्ष. ती मजुरांना चहा द्यायला आली होती आणि किटली हातात धरून उभीच राहिली. कारण तीही माला-एन घेत होती. पाकिटातल्या शेवटच्या तपकिरी गोळ्या संपल्या होत्या, तरी पाळीचा पत्ता नव्हता. आठवडाभर तिला झोप नव्हती. कॉलेजातली मैत्रीण म्हणाली होती, त्यापेक्षा मेडिकलमधून ती 72 तासांची गोळी आणत जा, एकदाच घेतली की झालं. तिला हे सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, की ती गोळी अडीनडीची आहे. दर वेळेस तिच्यावरच भिस्त ठेवली तर रोजच्या गोळीपेक्षा ती कितीतरी जास्त वेळा दगा देते.

दुपारी सासूबाई बागेत गेलेल्या बघून तिनं आशाताईला बोलावून घेतलं. आशाताईनं पिशवीतून निश्चय किट काढलं. थोड्या वेळानं पट्टीवर एकच रेघ उमटली. सून मटकन खाली बसली.

"आठवड्यानं परत करू," आशाताई म्हणाली. "आता पाकीट दाखव."

सुनेनं स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवरून मेथीदाण्याचा डबा काढला. मेथीच्या तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दोन पाकिटं होती, एक नवं आणि एक संपलेलं. आशाताईनं संपलेलं पाकीट उजेडात धरलं. 21 पांढऱ्या, 7 तपकिरी. पांढऱ्यांत औषध, तपकिरींत नुसतं लोह. कप्पे सगळे फुटलेले होते, पण कडेला सुनेनंच पेननं बारीक तारखा घातल्या होत्या आणि त्या तारखा खरं बोलत होत्या. पाकीट सुरू व्हायला हवं होतं त्याच्या चार दिवसांनी सुरू झालं होतं. पुढे एका जागी सलग दोन दिवस कोरे, आणि तिसऱ्या दिवशी तीन गोळ्या एकदम.

"हे चार दिवस काय झालं?"

"चंपाषष्ठी. पाहुणे होते. बायका स्वयंपाकघरातच झोपायच्या. डबा कसा काढणार?"

"आणि हे दोन?"

"आत्याबाई लाडू करायला बसल्या. डबा त्यांच्याच पुढ्यात. पिशवी काढताच येईना."

आशाताईनं कपाळावर हात मारला नाही, रागावलीही नाही. तिनं हिशोब मांडला. तपकिरी गोळ्यांचे सात दिवस औषध नसतंच. त्याला हे चार जोडले की अकरा दिवस झाले. शरीराला एवढी उसंत मिळाली की बीजकोश जागा होतो. म्हणून पाकिटाच्या सुरुवातीची चूक सगळ्यात महाग. तपकिरी गोळी विसरली तर काही बिघडत नाही. पांढरी एक विसरली तर आठवेल तेव्हा घ्यायची, पुढची वेळेवर. त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतात. दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्यायची, राहिलेल्यांचा ढीग एकदम गिळायचा नाही, रोजची चालू ठेवायची आणि सात दिवस निरोध वापरायचा. आणि चूक पांढऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यात झाली, तर तपकिरी सोडून सरळ नवं पाकीट सुरू करायचं.

इतक्यात दारात सासूबाई. दुसरी कात्री न्यायला आल्या होत्या. ओट्यावर मेथी सांडलेली, सुनेच्या डोळ्यांत पाणी, आशाताईच्या हातात पाकीट. समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी पोराची वाट बघत्ये आणि माझ्याच डब्यात हे?"

कुणी बोललं नाही. सासूबाईच पुन्हा म्हणाल्या, "आणि त्या पेठच्या बाईचं काय झालं ऐकलंस ना? मग कशाला पोटात घालायचं असलं बिनभरवशाचं?"

"तिच्याशी बोलले मी," आशाताई म्हणाली. "ती खरंच एकही चुकली नाही. पण मागच्या गावी तिला टीबीचं औषध सुरू झालं. त्यातली रिफाम्पिसिन लघवी लाल करते, आणि गोळीतलं औषध शरीरातून फार लवकर संपवून टाकते. तिला तांबी बसवायला हवी होती. टीबीचं औषध देणाऱ्यानं गोळ्यांचं विचारलं नाही, गोळ्या देणाऱ्यानं टीबीचं विचारलं नाही. यात तिचा काय दोष? आणि गोळीचा तरी काय?"

"मग भरवसा किती, ते सांग," सासूबाई म्हणाल्या. बागाईतदार बाई, त्यांना आकडा लागतो.

"एकही न चुकता वर्षभर घेतली, तर हजारात तिघी-चौघींना दिवस जातात. माणसं घेतात तशी घेतली, विसरत, उशीर करत, तर शंभरात सात जणींना."

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे गेल्या वर्षीचं कालनिर्णय अजून लटकत होतं. छाटणीची तारीख, फवारण्या, मणी 3-4 मिलिमीटरचा झाला तेव्हाचं पहिलं डिपिंग, 6-7 मिलिमीटरला दुसरं, सगळं त्यांच्या मोठ्या अक्षरात. डिपिंगचं जीएसुद्धा संप्रेरकच, आणि ते दोन दिवस मागेपुढे झालं की घड कसा राहतो, हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. जीए बिनभरवशाचं, असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. तारीख चुकली, असं म्हणायच्या.

"या सात जणी नेमक्या चुकतात कुठं?" त्यांनी विचारलं.

उत्तर सुनेनं दिलं. "मेथीच्या डब्यात, आई."

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं 1921 साली. शंभर वर्षं उलटली, गोळी घरपोच मिळू लागली, तरी ती ठेवायला घरात उघडी जागा नाही. विसरभोळेपणाचा दोष तेवढा बाईच्या नावावर पडतो. मेडिकलच्या पुस्तकात 'वापरातील चूक' असं लिहिलेलं असतं. ती चूक कुणाच्या धाकानं झाली, याचा रकाना नसतो.

सासूबाई क्रेट ओढून बसल्या. "माझी माला-डी गव्हाच्या कोठीत असायची," त्या म्हणाल्या. "तुझ्या आजेसासूबाई दळण काढायला बसल्या की कोठीपासून हलायच्या नाहीत. तुझा धाकटा दीर त्या कोठीतला आहे."

आशाताईला हसू आवरेना. सून हसावं की नाही या विचारात.

"एवढं लक्षात राहत नसेल तर दुसरं काही नाही का?" सासूबाईंनी विचारलं. होतं की. आठवड्याला एक घ्यायची छाया, तिचे पहिले तीन महिने तेवढे आठवड्यातून दोनदा. लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली, तिच्यात हार्मोन नाहीत. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं अंतरा इंजेक्शन. दहा वर्षं चालणारी तांबी, जिच्यात विसरायला काही उरतच नाही. सुनेनं सगळं ऐकलं आणि गोळीच पुढे चालू ठेवायची म्हणाली. पाळीचं दुखणं गोळीनं कमी झालं होतं. रक्तदाब आधीच तपासलेला होता.

"परीक्षा कधी संपते?"

"मेमध्ये."

"जूनमध्ये मी विचारणार."

"विचारा. काय सांगायचं ते मी जूनमध्ये ठरवीन."

सासूबाईंना हे उत्तर आवडलं नाही, ते चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी खिळ्यावरून जुनं कालनिर्णय उतरवलं, नवं लावलं आणि सुनेपुढे पेन ठेवलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. मुलगा ट्रॅक्टरपाशी उगाचच नळी गुंडाळत होता. तासभर तीच नळी.

"इकडं ये रे," त्यांनी हाक मारली. "फवारणीचं तुला सगळं तोंडपाठ आहे. आशाताई निरोधचं सांगतायत, ते पण ऐकून घे. या घरात सात दिवस ते काम तुझं आहे."