नोकर नव्हे, लेकरू

आजचं वाचन: गलतीकरांस पत्र 4:1-7



बायबल अ‍ॅपवरची स्ट्रीक तुटली की मनात काय येतं? आमच्या तरुण संघातल्या एका मुलीनं मला विचारलं, "चार दिवस वाचन झालं नाही. आता प्रार्थना करायलाच लाज वाटते. देव रागावला असेल का हो?" तिच्या प्रश्नात मला देवाविषयीची ओढ दिसली, पण त्याहून जास्त भीती दिसली. ऑफिसात अप्रेझलच्या आधी मॅनेजरसमोर जायला जशी वाटते ना, तशी.

आजचं वचन नेमकं याच भीतीशी बोलतं.

गलतीया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश. तिथले लोक येशूवर विश्वास ठेवून देवाचे झाले होते. मग काही शिक्षक आले आणि म्हणाले, एवढं पुरेसं नाही, सुंता करा, सण पाळा, नियमशास्त्राचं ओझं उचला. पौल कळवळून लिहितो. तो म्हणतो, वारस लहान असताना पालक आणि कारभाऱ्यांच्या हाताखाली असतो, त्यामुळे त्याच्यात आणि दासात फरक दिसत नाही. पण ती वेळ आता संपली. देवानं पुत्राला पाठवलं ते आपल्याला सोडवायला, आणि सोडवून दारात उभं करायला नव्हे, तर दत्तक घेऊन घरात न्यायला.

दत्तक हा शब्द त्या काळच्या वाचकाला चांगलाच कळत होता. येशूचा जन्म झाला तेव्हा राज्य करणारा ऑगस्टस हा ज्युलियस सीझरचा दत्तक वारस होता. रोमी जगात दत्तक मुलगा म्हणजे दुय्यम मुलगा नव्हे. नाव आणि वारसा, दोन्ही त्याला पूर्ण मिळायचं. आणि ते देणं बापाच्या इच्छेवर असायचं, मुलानं आधी काय कमावलं यावर नाही.

मग प्रश्न असा, की घरात राहूनही आपण नोकरासारखे का जगतो?

लूक 15 मधले दोन भाऊ आठवा. धाकटा परत येताना मनात ठरवून येतो की मला मोलकरी म्हणून ठेवा असं म्हणायचं. पण घरी पोचल्यावर त्या वाक्यापर्यंत तो जातच नाही, बाप आधीच झगा आणि अंगठी आणायला सांगतो. थोरला कधी घर सोडून गेलाच नाही, तरी तक्रार करताना तो स्वतःच्या कष्टांसाठी जो शब्द वापरतो, तो मूळ ग्रीकमध्ये गुलामाच्या राबण्याचा आहे. एक दूर जाऊन स्वतःला नोकर समजला, दुसरा अंगणात राहून. मला थोरल्याची जास्त काळजी वाटते, कारण रविवारी चर्चमध्ये बसणारे आपण बहुधा त्याच्या बाजूचे असतो.

आपल्या मातीतलं एक उदाहरण सांगते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. शास्त्र जाणणारी, प्रामाणिक बाई. तरी पुढे आपल्या साक्षीत त्या सांगतात की कित्येक वर्षं आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त स्वतः भेटला नव्हता. ती भेट झाल्यावर त्यांची सेवा थांबली नाही, उलट वाढली. 1897 च्या सुमारास दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आसरा दिला आणि केडगावच्या त्या घराला नाव दिलं 'मुक्ती'.

इथेच एका शंकेचं उत्तरही मिळतं. कुणी म्हणेल, भीती काढून टाकली तर लोक मोकाट सुटतील. शंका खोटी नाही. पौलालाही ती माहीत होती, म्हणून पाचव्या अध्यायात तो बजावतो की स्वातंत्र्य देहवासनेचं निमित्त करू नका, प्रीतीनं एकमेकांची सेवा करा. पण भीती माणसाकडून ठरलेलं तेवढंच करून घेते. पगारी माणूस वेळ संपली की घरी जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आई आजारी पडली तर मुलगी मात्र घड्याळ बघत नाही. प्रीतीचं माप नियमापेक्षा मोठं असतं. म्हणून लेकराची मोकळीक ही जबाबदारीतून सुटका नसते; जबाबदारी आपली वाटू लागणं, हीच ती मोकळीक.

आणखी एक गोष्ट. तुमच्यातल्या काहींना 'बाप' हा शब्दच जड जात असेल. घरातल्या बापाकडून फक्त धाक मिळाला असेल, तर देवाला बाप म्हणणं सोपं नाही. अशा वेळी गेथशेमाने बागेकडे बघा. 'अब्बा' ही अरामी हाक नव्या करारात तीनदाच येते, आणि त्यातली एक खुद्द येशूच्या तोंडी, त्या रात्रीची. तो घाबरा झाला होता आणि त्यानं ते लपवलं नाही. प्याला टळावा असं मोकळेपणानं मागितलं, आणि तरीही स्वतःला पित्याच्या हाती दिलं. प्याला टळला नाही, नातंही तुटलं नाही. देवाची लेकरं म्हणून आपल्याला तीच हाक मिळाली आहे.

मग चार दिवस वाचन राहिलं तर? पाचव्या दिवशी या. हिशेब द्यायला नाही, घरी आल्यासारखे या. पडल्यावर नोकर लपतो, लेकरू रडत आईबापाकडेच धावतं. आज स्वतःला एवढंच विचारा: चुकल्यावर माझे पाय कुठे वळतात?

आणि आजच्या दिवसात एक काम असं करा, जे कुणी सांगितलं नाही, कुणी मोजणार नाही, फक्त प्रीतीपोटी.

प्रार्थना: हे बापा, तू आम्हांला घरात घेतलंस, तरी आम्ही उंबऱ्यावरच ताटकळत बसतो. आमची भीती काढ. तुझ्या आत्म्यानं आम्हांला 'अब्बा' म्हणायला शिकव, आणि जे अजून बाहेर आहेत त्यांना भाऊबहीण म्हणून आत आणायची प्रीती दे. येशूच्या नावानं मागतो. आमेन.