आजीलाच आवडतं!

पाडव्याला नातवंडांनी आजीला खेड्यातल्या रिसॉर्टवर नेऊन चुलीपुढे बसवलं, त्या रीलवर सगळ्यांचं बोलून झालं आहे, तेव्हा मीही बोलून घेतो. धुराने डोळे भरून आलेल्या बाईला फुंकणी हातात देऊन कॅमेऱ्याकडे बघत हसायला लावलेलं मला बघवलं नाही. मागे बासरी होतीच. मातीची भिंत दिसली की बासरी वाजवावी, असा काही सरकारी आदेश निघालाय का ते कुणीतरी तपासा. सारवलेल्या जमिनीवर बसून लहानपणी आम्ही जे ऐकलं, त्यात मुख्यतः खोकला होता.

रिसॉर्टवाले 'संस्कृती', 'स्थानिक रोजगार' वगैरे म्हणाले. म्हणू द्या, त्यांचा धंदा आहे. खटकलं ते नातवंडांचं उत्तर: "पण आजीलाच आवडतं!" आणि त्याखाली बदामांचा पाऊस.

आवडत असेल. पण हे आजीला विचारलं कधी? गाडी टोलनाका ओलांडून गेल्यावर, की चूल पेटल्यावर? आणि आजीला आणखी काय काय आवडतं, याची चौकशी या घरात एरवी होते का? दुपारी दोन तास कुणी हाक मारली नाही तर आजीला फार आवडतं. गाडीत खिडकीची जागा आवडते, ती नातवाला उलटी होते म्हणून त्याला मिळते. मालिका शेवटपर्यंत बघायला आवडते, पण नेमकी तेव्हाच आयपीएल असते. गुडघ्याचं ऑपरेशन 'परीक्षा झाल्यावर बघू' असं न ऐकता झालं असतं, तर तेही तिला आवडलं असतं. यांतल्या एकाही आवडीवर रील निघत नाही. तिची आवड आणि आपली हौस एका ठिकाणी आली, की मात्र घरात लोकशाही अवतरते. फोडी सगळ्यांना वाटून झाल्यावर उरलेली कोय चोखत बसणाऱ्या बाईबद्दल तीन पिढ्या असंच म्हणत आल्या, की तिला कोयच आवडते. शिळी पोळी आवडते. निवलेला चहा आवडतो. जन्मभर जे वाट्याला आलं ते आवडून घेतलेल्या बाईला 'आवडतं ना?' असं विचारायचं, आणि 'हो' म्हणाली की तो पुरावा धरायचा, याला विचारणं म्हणत नाहीत.

'त्या काळी कुणी तक्रार करत नव्हतं,' असंही एकाने खाली लिहिलंय. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या थोड्या तरी वाचा. तक्रारी होत होत्या, पहाटे चार वाजता. ऐकायला पुरुष उठलेले नसायचे.

आजीची आवड खोटी असते असं मात्र मला म्हणायचं नाही. अमेरिकेत आज्यांच्या कितीएक पिढ्यांनी लॉरा इंगल्स वाइल्डरची पुस्तकं नातींना वाचून दाखवली. पश्चिमेकडे रान तोडून वस्ती करणाऱ्या कुटुंबांचं ते आयुष्य: ओंडक्यांचं घर, घरचं लोणी, रात्री वडिलांचं फिडल. (तिथेही वाद्य आहेच.) लॉरा त्या आयुष्यातूनच आली होती. डकोटातल्या डी स्मेट गावी १८८०-८१च्या हिवाळ्यात बर्फाने आगगाड्या बंद पडल्या, तेव्हा गवताचे पीळ वळून चुलीत घालायचे आणि कॉफीच्या यंत्रात गहू दळायचे, हे त्या घराने केलं. पण तिचं पहिलं पुस्तक आलं १९३२ साली, पासष्टीला. तेव्हा ती राहत होती मिसुरीतल्या दगडी घरात. मुलीने १९२८ मध्ये बांधून दिलेल्या त्या घरात वीज होती, न्हाणीघर होतं, घर गरम ठेवायची सोय होती. ओंडक्यांच्या घराची माया तिला तिथे बसून कागदावर उतरवता आली. यात काही ढोंग नाही. कष्टांतून सुटलेल्या माणसालाच कष्टांबद्दल असं मायेने बोलता येतं. तिनेही वेचूनच सांगितलं. नऊ महिन्यांचा भाऊ १८७६ मध्ये गेला, तो पुस्तकांत नाही. कॅन्ससमध्ये वडिलांनी घर बांधलं ती जमीन ओसेज लोकांची होती. आदिवासींविषयीच्या तिच्या लिखाणावरून २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेच्या बालविभागाने पुरस्काराला असलेलं तिचं नाव काढलं. ते भांडण मोठं आहे, इथे मावणार नाही. माझा मुद्दा एवढाच, की 'तुला आवडतं ना, मग बस गवत वळत' असं त्या म्हातारीला कुणी म्हटलं नाही.

उन्हाळा लागला की आपल्याकडच्या बऱ्याच आज्या मुलाकडे अमेरिकेला जातात. त्यांतल्या काहींना आयोवातल्या लिव्हिंग हिस्टरी फार्म्ससारख्या ठिकाणी नेतात, तिथे १८५०चं शेत राखलं आहे. डोक्याला टोपडं बांधलेली बाई लोणी काढून दाखवते आणि आपली आजी तिला रवी कशी धरायची ते मराठीत सांगून येते. पण त्या टोपडंवालीला पगार असतो आणि संध्याकाळी ती गाडी काढून घरी जाते. आपल्याकडे बायकांना धुरातून सोडवायचं म्हणून २०१६ मध्ये उज्ज्वला योजना निघाली, आणि शहरातली माणसं तोच धूर माणशी पैसे मोजून घ्यायला खेड्यात जातात. सिलिंडर पुन्हा भरणं परवडत नाही म्हणून ज्या आजही चुलीपुढे आहेत, त्यांच्याकडे कुणाचा कॅमेरा वळत नाही.

आजीला खरंच काय आवडायचं ते चैत्रातल्या कुरडयांवरून कळतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, त्याचा आंबूस वास घरभर. मग वाटून, गाळून, रात्रभर निवळू दिलेला चीक सकाळी उकळत्या पाण्यात ओतायचा आणि लाकडी दांड्याने घोटत राहायचा. तो घट्ट होत जातो तसतसं मनगट भरून येतं, आणि हात थांबला तर गाठी. गरम आहे तोवर सोऱ्यात भरून गच्चीवर पळायचं. हे काम कुणाला आवडेल? पण दांडा धरायला शेजारची असायची, सोऱ्या दाबायला जाऊ, कावळे हाकायला पोरं. पोरं कावळ्यांपेक्षा जास्त चीक खायची. ऊन चढलं की सगळ्यांना पन्हं. म्हातारपणी आजी 'आमच्या वेळी' म्हणते तेव्हा तिला ती शेजारीण आठवत असते. तुम्ही तिला शेजारणीशिवायची चूल दिलीत, वर बासरी.

तरी पुढच्या पाडव्याला हे होणारच, माझं ऐकून कुठलं रिसॉर्ट बंद पडतंय! निदान एवढं करा. आजीला खुर्ची द्या, हवेच्या उलट बाजूला, आणि फुंकणी नातवाच्या हाती. मग ती तासभर सांगत बसेल, असं नाही रे, लाकूड आडवं घाल, राख उडतेय, तुझ्या बापालाही कधी जमलं नाही. बसल्या जागेवरून दुसऱ्याच्या चुका काढणं मात्र माझ्या पाहण्यातल्या झाडून सगळ्या आज्यांना मनापासून आवडतं.