उचललेल्या ताटातली ठिणगी

जानेवारीतली कोरडी सकाळ निवडा. साताऱ्यात पावसाळ्यात हे करायला बसू नये. तेव्हा भिंतींनाही ओल धरते, आणि ओलसर पृष्ठभागावर विद्युतभार ठरत नाही, हळूहळू निसटून जातो. आटपाडी-जतकडच्या लोकांना मात्र उन्हाळ्यापर्यंत सवड आहे. तिकडची कोरडी हवा एरवी जिवावर उठते, या कामाला ती सोन्यासारखी.

टीव्हीच्या खोक्यातून निघालेला थर्मोकोलचा सपाट तुकडा जमिनीवर ठेवा. सपाट बुडाचं स्टीलचं ताट घ्या, काठ गोल वळवलेलं, कारण धारदार कडेवरून भार हवेत उडून जातो. ताटाच्या मधोमध प्लास्टिकचा पेला उलटा चिकटवा, ही झाली मूठ. आणि घासायला घोंगडीचा तुकडा. माणदेशातली, माण-खटावपासून आटपाडीपर्यंतच्या मेंढरांच्या लोकरीची, अंगाला टोचणारी घोंगडी मिळाली तर उत्तम. इतकंच साहित्य. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७५ साली हेच उपकरण लोकांपुढे आणलं तेव्हा थर्मोकोलच्या जागी राळेची वडी होती. बाकी रचनेत काडीचा फरक नाही.

आता सावकाश. घोंगडीने थर्मोकोल घासा, मिनिटभर, एका लयीत. लोकरीतले काही इलेक्ट्रॉन थर्मोकोलवर जाऊन बसतात आणि तिथेच अडकून राहतात. थर्मोकोलला ते वाहून नेता येत नाहीत, परत धाडताही येत नाहीत. हात थांबवा. काही दिसत नाही. मनगटावरची लव थर्मोकोलजवळ नेली तर ती उभी राहते, तेवढीच खूण.

ताट मुठीला धरून थर्मोकोलवर ठेवा. ताटाच्या धातूला बोट लावा. बारीकशी टिचकी ऐकू येईल. थर्मोकोलवरच्या ऋण भाराने ताटातले इलेक्ट्रॉन वर ढकलले होते, ते तुमच्या बोटातून निघून गेले. बोट काढा. ताटात आता इलेक्ट्रॉनांची उणीव आहे, म्हणजे धन भार आहे, पण तो खालच्या ऋण भाराला बिलगून निवांत बसला आहे. या क्षणी ताटाला पुन्हा हात लावलात तरी काही होणार नाही. इथे जरा थांबा. पुढचं सगळं या शांत स्थितीतून निघणार आहे.

पेला धरून ताट सरळ वर उचला. हातभर उंच. आता दुसऱ्या हाताच्या बोटाचं पेर ताटाच्या काठाजवळ न्या.

टक्.

खोली अंधारी असेल तर निळसर जांभळी रेघ दिसते. तो रंग बहुतांशी हवेतल्या नायट्रोजनचा. तीन मिलिमीटर लांबीची ठिणगी पडली तर ताट सुमारे दहा हजार व्होल्टवर होतं असं समजा. हवा मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट सोसते, त्यापुढे तिचा धीर सुटतो. वैश्विक किरणांमुळे आणि जमिनीतल्या किरणोत्सारामुळे हवेत कुठे ना कुठे एखादा इलेक्ट्रॉन सुटा झालेला असतोच. तो ओढला जातो, रेणूवर आदळतो, आणखी एक सोडवतो. दोनाचे चार, चाराचे आठ, आणि पापणी लवायच्या आत हवा तारेसारखी वाहू लागते.

आता थर्मोकोल पुन्हा न घासता ताट खाली ठेवा. बोट लावा. उचला. टक्. परत एकदा. परत. थर्मोकोलवरचा भार यात खर्चच होत नाही. मग ठिणगीतली ऊर्जा येते कुठून?

हा प्रश्न मनात असाच राहू द्या आणि ताट फार हळू उचला. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात. ती ओढ तोडत ताट वर नेण्यासाठी तुमच्या दंडाने थोडं जास्त बळ लावलेलं असतं. ते इतकं थोडं असतं की ताटाच्या वजनापुढे जाणवतही नाही. भार तेवढाच राहिला, अंतर वाढलं, आणि अंतराबरोबर व्होल्ट चढत गेले. हिशोब केला तर ऊर्जा भरते अर्ध्या मिलिज्यूलच्या आतबाहेर: एक ग्रॅम वजन पाच सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. सकाळच्या न्याहरीतून आलेली ही ऊर्जा काठावर येऊन प्रकाश झाली.

दहा हजार व्होल्ट असूनही माणूस दचकण्यापलीकडे काही होत नाही, याचं कारण हेच की भार कणभर आहे. हृदयाला पेसमेकर बसवलेल्याने मात्र यापासून लांब राहावं. पेट्रोल किंवा गॅस जवळ नको, पेट्रोलची वाफ याहून कमी ऊर्जेलाही पेट घेते. आणि ठिणगी मोठी करण्याच्या मोहात जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर उघडायला मुळीच जाऊ नका. तिथे व्होल्ट ताटापेक्षा कमी, दोन हजारांच्या आसपास असतात, पण मागे घरची अख्खी वायरिंग उभी असते. तो धक्का जीव घेतो. छंद म्हणून हे करणाऱ्या अनुभवी माणसांचेही त्यात प्राण गेले आहेत.

ठिणगी पाहायची दुसरी जागा म्हणजे गॅरेज. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात ज्या प्रिया स्कूटर बनल्या, त्यांतली एखादी अजून कुठेतरी फुर्र करत चढ चढत असेल. ती सुरू झाली नाही की मिस्त्री प्लग काढून इंजिनला टेकवायचा आणि किक मारून करंट येतोय का बघायचा. तिथे कॉइलमधून वाहणारा प्रवाह पॉइंट अचानक तोडतात. चुंबकक्षेत्र कोसळतं आणि हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट उसळतात. तुटणं जितकं झटक्यात, तितकी ठिणगी जोरकस. पॉइंटपाशीच ठिणगी पडून तोडणं रेंगाळू नये म्हणून कंडेन्सर लावलेला असतो. तो गेला की करंट पिवळट, मरतुकडा येतो. आणि ऊर्जा? किक मारणाऱ्या पायाची.

घरात येणाऱ्या विजेचंही असंच. ती करायला पाटण तालुक्यात कोयनेचं पाणी अडवून, डोंगराच्या पोटातून पोफळीला पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली सोडलं आहे. ते तितक्या उंचीवर नेलं सूर्याने. तुमच्या दंडाचंच काम, पण एका अख्ख्या खोऱ्याच्या मापाचं.

आणि एप्रिल-मे महिन्यात सांगलीच्या पूर्वेला दुपारी चारच्या सुमारास जो ढग चढतो, त्याच्याकडे आता ताट उचलल्यासारखं पाहा. त्याच्या आत बारीक गारा आणि बर्फाचे स्फटिक एकमेकांवर घासतात. गारा बहुधा ऋण होतात, स्फटिक धन. हलके स्फटिक वाऱ्याबरोबर वर जातात, जड गारा खाली राहतात. थर्मोकोल आणि ताट यांच्यात हातभर अंतर होतं, इथे काही किलोमीटर. उचलणारा हात म्हणजे तापलेल्या रानातून उठणारी हवा. ठिणगीची वाट क्षणभर तीस हजार अंशांच्या घरात तापते आणि ती हवा फाकते, त्याचा गडगडाट होतो. तुमच्या ताटाची टकही याच कारणाने वाजली होती.

वळीव येताना कवठे महांकाळच्या रानात किंवा तासगावच्या द्राक्षबागेत असाल, तर लख्ख दिसल्यापासून सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की तुम्ही त्या ताटाच्या काठाखाली आहात: झाड सोडा, मोटार बंद करायला विहिरीकडे धावू नका, पक्क्या घरात या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आधी सूचना देतं, ते फोनवर असू द्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मगच बाहेर पडा.