घडणावळ आणि नामरूप

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपला मुलगा श्वेतकेतू याला जे तीन दृष्टांत देतो, त्यांतला मधला, शंकराचार्यांच्या भाष्यानुसार, सोन्याचा आहे. सोन्याचा एक गोळा कळला की सोन्याच्या सगळ्या वस्तू कळल्या, कारण त्यांच्यातला भेद नावापुरता असून खरे आहे ते सोनेच, असा त्याचा आशय. वस्तूचे नाव आणि आकार यांना मिळून वेदान्तात ‘नामरूप’ म्हणतात, आणि नामरूपाला स्वतंत्र सत्ता नाही हा सिद्धान्त ज्ञानदेवांनी सोने व अलंकार यांच्या उपमेने इतक्या वेळा मांडला आहे की मराठी वाचकाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मात्र हा दृष्टांत ज्याच्या ऐरणीवरून उचलला गेला, त्या कारागिराच्या बाजूने त्याचा विचार क्वचितच झाला आहे. सुवर्णकाराचे पोट नामरूपावर चालते. सोने त्याचे नसते, ते ग्राहकाचे किंवा पेढीचे असते; त्याचा असतो तो आकार, आणि त्या आकाराची मजुरी म्हणजे घडणावळ.

सराफ बाजाराचा रिवाजही नामरूपाला स्वतंत्र सत्ता नाही याच सिद्धान्ताप्रमाणे चालतो. दागिना मोडीत घालताना त्याचा कस पाहिला जातो, घट वजा केली जाते आणि उरलेल्या सोन्याचा त्या दिवसाचा भाव हाती दिला जातो. घडणावळीचा एक रुपयाही परत येत नाही. कोल्हापुरी साजाचे उदाहरण येथे बोलके आहे. रूढ समजुतीप्रमाणे पारंपरिक साजात 21 पाने असतात. त्यांत दहा विष्णूच्या अवतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचे, एक पाचूचे आणि शेवटचे तावीज. मासा, कासव, नरसिंह हे नखाएवढ्या पातळ पत्र्यातून उठवायचे, त्यांना डाख द्यायचा, म्हणजे मिश्रधातू वितळवून सांधे जोडायचे, पोकळ मण्यांत लाख भरायची, आणि मग सारे गाठवायचे, असे ते अनेक दिवसांचे काम असते. मोडीच्या तराजूत मात्र प्रथम लाखेचे वजन वजा होते, डाखामुळे उतरलेला कस धरला जातो, आणि दशावतार मुशीत एकरूप होतात. धातू वाचला, म्हणून या व्यवहाराला काटकसरीचा आणि निसर्गाला न ओरबाडणारा म्हणण्याची प्रथा आहे. ती निम्मीच खरी आहे, कारण वितळून गेलेल्या कष्टाची नोंद तिच्यात कोठेच होत नाही.

लहान प्रमाणावर, हाताने दागिने घडवणारा व्यवसाय टिकाऊ कसा ठरेल, हा प्रश्न म्हणूनच केवळ हिशेबाचा नाही. रूपाला मोल आहे की नाही, या तात्त्विक प्रश्नाशी तो बांधलेला आहे. मुंबईतील सांताक्रूझच्या परिसरात या प्रश्नाची दोन्ही टोके जवळजवळ आढळतात. 1973 मध्ये अंधेरी पूर्वेला स्थापन झालेल्या आणि ‘सीप्झ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निर्यात क्षेत्राच्या नावातला पहिला शब्द सांताक्रूझच आहे. आरंभी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी असलेल्या या क्षेत्रात 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात रत्ने व दागिन्यांच्या कारखान्यांना प्रवेश मिळाला, आणि आज तेथून जडावाचे दागिने जगभर जातात. संगणकावर आराखडा, मेणाचा साचा, मेण वितळवून उरलेल्या पोकळीत धातूचे ओतकाम, अशी तेथील मुख्य रीत आहे. एक रूप शेकडो वेळा जसेच्या तसे निघते. दुसरे टोक म्हणजे सांताक्रूझच्या गल्ल्यांतून, घराच्या एका खोलीत किंवा गाळ्याच्या मागच्या बाजूला, चांदी, पितळ, मोती आणि थोडे सोने घेऊन दागिने घडवणारी दोन-तीन माणसांची कामे. मोठ्या कारखान्याला कणही वाया घालवणे परवडत नाही. तेथे पॉलिशची धूळ शोषून घेतली जाते, हात धुतलेल्या पाण्याचा गाळसुद्धा साठवला जातो. पण ही काटकसर नवी नाही. सोनाराच्या दुकानातला केर आणि राख धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि एक कणही टाकायचा नाही हा नियम या धंद्याने फार पूर्वीच पाळला आहे.

नामरूपाचा प्रश्न उपनिषदांनी एकाच बाजूने सोडवलेला नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य पुन्हा सुवर्णकाराचाच दृष्टांत देतो, पण उलट दिशेने. सोन्याचा अंश घेऊन कारागीर जसे पहिल्याहून नवे आणि पहिल्याहून मंगल असे रूप घडवतो, तसा आत्मा एक देह टाकून दुसरे रूप घडवतो, असे तो सांगतो. येथे सोनार मायेचे उदाहरण नसून निर्मितीचे आहे, आणि मोडण्याला एक अटही जोडलेली आहे: नवे रूप जुन्याहून अधिक मंगल असले पाहिजे. प्रस्तुत विषयापुरता तरी हा दृष्टांत छांदोग्यातील दृष्टांताहून अधिक मोलाचा आहे. मोड घेण्यात पाप नाही. जुन्याहून हलक्या प्रतीचे, घाईचे, पुढच्या हंगामात पुन्हा मोडीत येणारे रूप घडवण्यासाठी मोडणे, यात आहे.

कारागिराच्या धर्माचा याहून कठोर विचार जैन परंपरेने केला. श्रावकाने, म्हणजे गृहस्थ अनुयायाने, टाळावयाच्या पंधरा उपजीविकांना ‘कर्मादान’ म्हणतात. त्यांतली पहिली अंगारकर्म, म्हणजे विस्तवावर चालणारी. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकातील योगशास्त्रात तिच्यात कुंभार, लोहार यांच्याबरोबर सोनारकामाचाही नावाने उल्लेख केला आहे. जमीन फोडून चालणाऱ्या उपजीविकाही याच यादीत आहेत. ही भीती जुनाट म्हणून बाजूला सारता येत नाही. लहान खाणींतून सोने वेगळे काढताना आजही पारा वापरतात, आणि मानवी व्यवहारातून होणाऱ्या पाऱ्याच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा या खाणींचा आहे. 2017 मध्ये अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने पाऱ्याच्या या वापरावर निर्बंध घालण्याचे ठरवले. मुंबईच्या कारखान्यांत तर विस्तवाचे पाप थेट कारागिराच्या छातीत उतरले: कस उतरू नये म्हणून डाखात कॅडमियम घालण्याची पद्धत आली, त्यावरून आलेले ‘केडीएम’ हे शुद्धतेचे बिरुद झाले, आणि त्याचा विषारी धूर फुंकणीसमोर बसलेल्या माणसाने गिळला. अस्तेयव्रताचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात जे पाच दोष सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि नकली मालाबरोबरच चोरून आणलेला माल घेणे हाही दोष आहे. सोने कोठून आले हे न विचारता घेणारी पेढी या दोषातून कशी सुटते, हे सांगणे कठीण आहे.

त्याच सूत्रात परिग्रहाला, म्हणजे संग्रहाला, गृहस्थाने स्वतः मर्यादा घालून घ्यावी असे व्रत आहे आणि त्यात सोन्या-चांदीचा निर्देश आहे. मर्यादा स्वतः घालून घेणे यावर भर द्यायला हवा, कारण ती वरून लादली की काय होते हे देशाने पाहिले आहे. जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. लोकांचा सोन्याचा सोस कमी व्हावा हा हेतू होता. सोस राहिला, उपासमार सोनारांची झाली आणि अनेकांनी जीव दिला. पुढे आलेला 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला, तोवर कित्येक ऐरणी कायमच्या थंडावल्या होत्या. संग्रह करणाऱ्याच्या तिजोरीला हात न लावता रूप घडवणाऱ्याचा हात बांधला गेला, हा त्या धोरणाचा नैतिक दोष होता.

लहान कारागिराने स्वतः घालून घ्यावयाची मर्यादा कोणती, याचे उत्तर बरेचसे घडणावळीच्या आकारणीत आहे. ती सोन्याच्या किमतीच्या टक्क्यांत किंवा ग्रॅमवर घेतली की जड दागिना करण्यातच फायदा राहतो, कमी धातूत अधिक रूप उभे करण्याचे कसब तोट्याचे होते, आणि भाव चढला की कष्ट न वाढता मजुरी चढते. वेळेवर आणि कामाच्या बारकाईवर घडणावळ घेतली, ती पावतीवर धातूपासून वेगळी लिहिली, तर हलकी बुगडी जड पाटलीच्या बरोबरीने उभी राहते आणि खाणीतून कमी धातू मागावा लागतो. 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, पण वर्षाला 40 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे लहान कारागिराच्या दागिन्यांच्या शुद्धतेची हमी त्याच्या शब्दावरच राहते, आणि अस्तेयाचे व्रत त्याच्यासाठी रोजचा व्यवहार ठरते. तुटलेली कडी सांधणे, मोती पुन्हा गाठवणे, साजाचे हरवलेले एक पान नव्याने घडवून उरलेली वीस पाने वाचवणे, ही कामे मोठ्या पेढ्यांना किफायतशीर वाटत नाहीत. लहान कामाचा खरा आधार तीच आहेत, आणि त्यांची मजुरी मागताना कारागिराने संकोच करण्याचे कारण नाही, कारण तेथे ग्राहक धातूसाठी नव्हे, रूप टिकावे म्हणून पैसे मोजतो.